शब्दांवर हात, पीसवर पाय: जुन्या हिंदी गाण्यांचा नाच सोसायटीत कसा बसवायचा

मी नाचणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी वाजवणारा. परळला वाढलो आणि ऐंशीच्या दशकात नऊ वर्षं एका ऑर्केस्ट्रात साईड ऱ्हिदमला होतो. बोंगो, तुंबा, मराकस, खंजिरी, आणि कुणी दांडी मारली तर ट्रँगलसुद्धा. आता डोंबिवलीत राहतो आणि गेली अकरा वर्षं सोसायटीच्या गणपतीत ‘जुन्या गाण्यांचा नाच’ बसवायचं काम माझ्या गळ्यात आहे. ते पडलं कसं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा तालमीत वैतागून म्हणाल्या, “काका, आम्हाला स्टेप येतात हो, पण सुरू कधी करायच्या तेच कळत नाही.” मला स्टेप एकही येत नव्हती. सुरू कधी करायची ते मात्र नऊ वर्षं रोज रात्री केलं होतं.

तुमच्याकडे दहा-पंधरा हौशी माणसं, आठ संध्याकाळी आणि बारा मिनिटांचा वेळ असेल, तर मी काय करतो ते सांगतो. गाणी हिंदी सिनेमातली, नाच विलायती: स्विंग, ट्विस्ट, कॅबरे, डिस्को. पण आपल्या सिनेमात तो जसा उतरला तसा, क्लबात नाचतात तसा नाही. हा फरक पाळला की अर्धं काम झालं.

पहिली संध्याकाळ: कुणी उठायचं नाही

सगळ्यांना खुर्चीवर बसवा आणि गाणं नुसतं ऐकवा. एकेकाला कागद-पेन द्या. गायक गात असेल तोवर कागदावर आडवी रेघ, गाणं थांबून नुसती वाद्यं आली की फुली. ही जी फुलीची जागा, तिला आम्ही वाजवणारे ‘पीस’ म्हणतो. मुखडा, मग पीस, मग अंतरा, पुन्हा मुखडा, दुसरा पीस. बहुतेक जुन्या गाण्यांचा सांगाडा हाच.

मग तेच गाणं मोबाइलवर चित्रासकट दाखवा. रेघेच्या जागी हिरो-हिरॉइन काय करतात ते बघायला सांगा. छातीवर हात, डोळ्याकडे बोट, हनुवटीखाली तळवा, मान वेळावणं. शब्दाचा अर्थ हाताने सांगायची ही आपली जुनी रीत, तमाशापासून कथकपर्यंत सगळीकडे आहे. फुलीच्या जागी मात्र हात गप्प होतात आणि पाय सुटतात. ट्रंपेट आला, सॅक्सोफोन आला की तिकडे विलायत सुरू.

यातूनच माझा नियम निघाला: शब्दांवर हात, पीसवर पाय. अकरा वर्षांत मी दुसरा नियम केलेला नाही.

असं का झालं, हेही तालमीत पाच मिनिटं सांगतो. कारण कळलं की माणसं ऐकायला लागतात. चाल संगीतकार पेटीवर बांधायचा, आपल्या गळ्यासाठी. पीस मात्र पुष्कळदा कागदावर नोटेशनमध्ये, म्हणजे विलायती स्वरलिपीत, लिहिले जायचे, आणि ते लिहिणारे, वाजवणारे बरेचसे गोव्याचे ख्रिस्ती वादक असायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, मुंबईत येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवणारे. अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे, चिक चॉकलेट हळदोण्याचे. चिक चॉकलेटचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, तो अमेरिकेतला नामांकित जॅझ ट्रंपेटवाला. मुंबईत १९४९चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतला नाचगाण्याचा धंदा बसला, आणि ही मंडळी आणखी जोराने स्टुडिओकडे वळली. म्हणजे विलायती नाच आपल्या सिनेमात आधी वाद्यांतून शिरला, पाय मागून आले. तुम्हीही त्याच क्रमाने शिका.

(दुसरा रस्ताही होता. नर्तक उदय शंकर १९२३ साली लंडनमध्ये अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तकीबरोबर नाचले, पुढे पॅरिसमध्ये त्यांना सिम्की ही फ्रेंच नर्तकी साथीला मिळाली, आणि याच मादाम सिम्कीने १९५१च्या ‘आवारा’तला स्वप्नाचा नाच बसवला. त्याला जिने लागतात, धूर लागतो, ढग लागतात. आमच्या स्टेजची रुंदी सोळा फूट. तो नाद मी सोडला.)

दुसरी, तिसरी आणि चौथी संध्याकाळ: भगवानदादा

त्याच १९५१ साली ‘अलबेला’ आला, आणि आमच्या गिरणगावाला आपला नाच मिळाला. भगवान पालव, गिरणीकामगाराचा मुलगा. त्याआधी कामगारवस्तीतल्या प्रेक्षकांसाठी कमी पैशातले मारधाडीचे सिनेमे काढायचा. ‘अलबेला’ त्याने स्वतःच काढला, स्वतःच दिग्दर्शित केला, आणि समोर गीता बाली. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं. भगवानदादांसाठी गळाही त्यांचाच. चिक चॉकलेट त्यांचे सहायक, आणि या सिनेमात तर आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. ‘शोला जो भडके’ लावा. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सगळं त्यात आहे. आणि एवढ्या सगळ्या विलायती सामानावर नाचणारा माणूस कसा नाचतो, तर आपला काका लग्नात नाचतो तसा.

म्हणून याला तीन संध्याकाळी देतो. सोपा दिसतो म्हणून सगळे बिघडवतात.

बोंगोचा लॅटिन ठेका बघा. त्याला मार्तिल्यो म्हणतात, म्हणजे हातोडी. मात्रा आठ. एरवी बोटं बारक्या बोंगोवर चालतात, सातव्या ठोक्याला मोठा बोंगो बोलतो. आता आपला केरवा म्हणा: धा गे ना ति, न क धि न. हाही आठचाच. मधे ‘न क’ला डग्गा गप्प असतो आणि सातव्याला ‘धि’ म्हणून परत येतो. क्युबातल्या माणसाचा आणि आपल्या ढोलकीवाल्याचा जाड आवाज बरोबर एकाच जागी पडतो! ऑर्केस्ट्रात मी बोंगोवर आणि शेजारचा ढोलकीवर असायचो, कधी एकमेकांच्या अंगावर गेलो नाही, त्याचं कारण हे. ते मला वाजवायला लागल्यावर तीन वर्षांनी कळलं. तुम्हाला फुकट सांगतोय.

मी शिकवतो ते असं. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल. तोंडाने केरवा म्हणा. पहिल्या मात्रेला वजन डाव्या पायावर, पाचव्याला उजव्यावर. पाय उचलायचा नाही, तळव्याखालून पोस्टकार्ड सरकेल एवढाच हलका करायचा. आणि सातव्याला, ‘धि’ला, दोन्ही गुडघ्यांत बारीकशी बसकण. एवढंच. या तिन्हींतल्या पहिल्या संध्याकाळी हात मागे बांधायला लावा, नाहीतर लोक हातांनी धिंगाणा घालून पायांची चूक झाकतात.

हात दुसऱ्या संध्याकाळी. कोपरं बरगड्यांजवळ, बोटं सैल, मुठी नकोत. एक तळवा खांद्यापर्यंत वर जातो तेव्हा दुसरा कमरेपाशी खाली, जात्यासारखे गोल नव्हे, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. तिसऱ्या संध्याकाळी चेहरा. इथे लोक अडतात. भगवानदादा नाचताना मेहनत दाखवत नाहीत. रस्त्याने जाताना कुठूनतरी बँड ऐकू आला आणि अंग आपोआप हललं, असा चेहरा हवा. आमचे ए विंगचे सेक्रेटरी दात-ओठ खाऊन नाचायचे. मी त्यांना म्हटलं, “साहेब, मेन्टेनन्स भरलेला नाही आणि चेअरमन समोरून येतोय, अशा वेळी जसं हसता तसं हसा.” जमलं.

आणि हो, गणपतीच्या मिरवणुकीत जो नाच आपोआप होतो तो हाच आहे. म्हणून शिकवताना सांगू नका की हा भगवानदादांचा नाच आहे. आधी मिरवणुकीत नाचतो तसं नाचा म्हणा, मग त्यातलं काय काय कमी करायचं ते सांगा.

पाचवी संध्याकाळ: टाळी कुठे पडते

रॉक अँड रोल आणि ट्विस्टला गुडघ्याआधी टाळी सुधारावी लागते. आपण आरतीला टाळी वाजवतो ती ठोक्यावर, पहिल्या-तिसऱ्यावर जोर देऊन. या गाण्यांत ड्रमवाल्याची डावी काठी स्नेअरवर, म्हणजे त्याच्या कडक वाजणाऱ्या ड्रमवर, पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. आरतीची टाळी घेऊन ट्विस्ट केला तर तो कवायतीसारखा दिसतो, मग पाय कितीही चांगला फिरवा.

उपाय: “वडा, पाव, वडा, पाव” असं ठोक्याला एकेक शब्द मोठ्याने म्हणा. पाय ‘वडा’वर, टाळी ‘पाव’वर. दहा मिनिटं. भजनी मंडळातल्या बायकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यांचा हात समेवर पक्का बसलेला असतो. त्यांना नावं ठेवू नका. टाळीची कामगिरी त्यांच्याकडून काढून घ्या आणि चुटकी द्या. चुटकीला जुनी सवय नसते.

सरावाला ‘ईना मीना डीका’ घ्या. १९५७चा ‘आशा’, पुन्हा सी. रामचंद्रच. त्यांच्या खोलीबाहेर मुलं खेळताना ‘ईनी मीनी मायनी मो’ करत होती, त्यावरून ते सुचलं, आणि त्यातलं ‘माका नाका’ हे त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी घातलं असं सांगतात. कोकणीत ‘मला नको’. आमच्याकडे सावंतवाडीच्या एक काकू आहेत, त्या शब्दाला त्या जी मान उडवतात ती कुणी शिकवलेली नाही.

सहावी संध्याकाळ: ट्विस्ट आणि गुडघे

अमेरिकेत चबी चेकरने १९६०ला ट्विस्टची लाट आणली. पाचेक वर्षांत ती आपल्याकडे पुरती मुरली होती. १९६५च्या ‘भूत बंगला’त मेहमूद आणि राहुलदेव बर्मन पडद्यावर ट्विस्ट करतात. त्याच वर्षीच्या ‘गुमनाम’मध्ये ‘जान पहचान हो’ आहे: मुखवटे घातलेले नाचणारे, पुढे लक्ष्मी छाया आणि हर्मन बेंजामिन, मागे टेड लायन्सचा बँड. हर्मन बेंजामिन स्वतः डान्स मास्तर. पुढच्या वर्षी ‘तिसरी मंझिल’चे नाच त्यांनीच बसवले. लक्ष्मी छायाची मान आणि केस बघून बायका भारावतात आणि मान झटकायला जातात. चाळिशीच्या पुढे कुणालाही ते करू देऊ नका. मी देत नाही, रुसवे झाले तरी.

ट्विस्ट शिकवायची युक्ती जगभर एकच आहे: दोन्ही पायांनी जमिनीवर विडी विझवा आणि हातांनी पंचा धरून पाठ पुसा. पाय आणि खांदे उलट दिशेला जातात, ते यात आपोआप होतं. वजन चवड्यावर, टाचा किंचित वर.

गुडघ्याची गोष्ट नीट वाचा. इजा होते ती गुडघा फिरतो आणि पाऊल चिकटून राहतं तेव्हा. रबरी तळव्याचे स्पोर्ट शूज फरशीवर चिकटतात, म्हणून ट्विस्टला ते बंद. अनवाणी पायाला घाम आला की तोही चिकटतो. कातडी तळव्याचे जुने ऑफिसचे बूट उत्तम फिरतात. एका वर्षी मला वाटलं कोल्हापुरी घालावी, तळवा कातडीच. तालमीत सुंदर फिरली. कार्यक्रमात दुसऱ्या पीसला माझ्या सांगण्यावरून कोल्हापुरी घातलेल्या एका गृहस्थांची डावी चप्पल सुटली आणि पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन पडली. तेव्हापासून पट्ट्याशिवाय काही चालत नाही. ज्यांचे गुडघे आधीच बोलतात त्यांना मागच्या ओळीत उभं करा. त्यांनी चवडे जागेवर ठेवून फक्त टाचा डावी-उजवीकडे करायच्या. प्रेक्षकांना फरक कळत नाही.

साडी सहावारी असेल तर निऱ्यांना खाली आतून एक पिन जास्त. नऊवारीत ट्विस्ट झकास होतो, पाय मोकळे असतात. एकदा करून बघाच.

कॅबरेबद्दल थोडक्यात

दरवर्षी कुणीतरी हळूच हेलनचं नाव काढतं आणि दरवर्षी कमिटीत चर्चा होते. मी १९५८चं ‘मेरा नाम चिन चिन चू’ सुचवतो. ‘हावडा ब्रिज’, संगीत ओ. पी. नय्यर, गळा गीता दत्तचा. त्याला कुणाची हरकत नसते. यात एकच गोष्ट शिकायची: थांबणं. हेलन हलते ते सगळे बघतात. ती कुठे थांबते ते बघा. पीस संपताना ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, एकदम तुटतो, तिथे तुम्हीही तुटायचं, श्वाससुद्धा धरून. पिसं, पंखा, लांब हातमोजे आणायची गरज नाही. थांबता आलं तर ओढणी पुरते.

सातवी संध्याकाळ: डिस्को, आणि माझी फजिती

डिस्कोला मेंदू कमी लागतो. ठोके मिनिटाला साधारण एकशेवीस, आणि प्रत्येक ठोक्याला खाली किक ड्रम: धप, धप, धप, धप. दोन धपांच्या मधे हाय-हॅट, म्हणजे ड्रमवाल्याची झांजांची जोडी, ‘त्स’ करतो. पाय धपवर, खांदा ‘त्स’वर. बोट तिरकं आकाशात रोखायची पोज १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’मधून जगभर गेली. आपल्याकडे १९८०चा ‘कुर्बानी’ आणि १९८२चा ‘डिस्को डान्सर’ आल्यावर आमच्या ऑर्केस्ट्राला बोंगोपेक्षा ड्रम जास्त लागायला लागला. माझं मानधन त्या काळात वाढलं नाही, ते का, ते तुम्हाला कळलं असेल. मिथुनची कंबर मात्र आपलीच आहे. अमेरिकेत पाय फरशीवरून सरकत जातात, मिथुन एका जागी रोवून उभा राहतो आणि कंबरेतून ठोका देतो. पाय भगवानदादांचेच, गती दुप्पट.

आता फजिती. तीन वर्षांपूर्वी सगळी तालीम मोबाइलला छोटा स्पीकर लावून केली. छोट्या स्पीकरला खालचा आवाज येतच नाही. आमच्या लोकांना सात दिवस फक्त ‘त्स’ ऐकू आला, आणि त्यांनी नकळत पाय त्याच्यावर बांधले. कार्यक्रमाच्या दिवशी डीजेवाल्याने स्टेजखाली मोठे बॉक्स ठेवलेले. धप पोटात बसायला लागला, ‘त्स’ गायब. अर्धी रांग धपवर, अर्धी रांग सवयीवर. समोरून बघणाऱ्यांना वाटलं मुद्दाम दोन गट केलेत, टाळ्या पडल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

तेव्हा शेवटच्या दोन तालमी मोठ्या बॉक्सवर करा, भाडं जास्त गेलं तरी चालेल. आणि एक बॉक्स नाचणाऱ्यांकडे तोंड करून ठेवायला सांगा. डीजेवाले “गरज नाही काका” म्हणतात. गरज असते.

गाणं कापताना

हे खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. बारा मिनिटांत चार गाणी बसवायची तर कापाकापी होणारच. सोसायटीतला कुठलाही पोरगा लॅपटॉपवर ते करून देतो, आणि दर वेळी तो एकच चूक करतो: शब्द ठेवतो आणि पीस उडवतो. त्याला वाटतं मधलं म्युझिक म्हणजे भरती. त्याला शेजारी बसवून सांगा, “बाळा, उलट कर. अंतरा एक काढ, पीस एकही काढू नकोस.” मुखडा, पीस, एक अंतरा, मुखडा, दुसरा पीस, बास. आणि रिमिक्स आणू नका. त्यात जुन्या ठेक्यावर नवा धप चढवलेला असतो, बोंगोचा सातवा ठोका त्याखाली मरतो, मग भगवानदादांची बसकण कुठे करायची ते कुणालाच सापडत नाही.

मायकल जॅक्सन, प्रभुदेवा, त्यापुढचं सगळं पोरांना स्वतःचं स्वतः बसवू द्या. ते यूट्यूबवरून आपल्यापेक्षा चांगलं शिकतात. फक्त त्यांचा नंबर बारा मिनिटांच्या मधे ठेवा, शेवटी नको.

आठवी संध्याकाळ कपड्यांसकट पूर्ण तालीम. क्रम माझा असा: ‘ईना मीना’ने सुरुवात, मग ट्विस्ट, मग पोरं आणि डिस्को, आणि शेवटी ‘अलबेला’. शेवटी भगवानदादा का, तर तोवर सगळे दमलेले असतात आणि हा नाच दमलेल्या अंगाने जास्त चांगला होतो. दुसरं म्हणजे गाणं संपलं तरी हा नाच थांबत नाही. खाली ढोल-ताशावाली पोरं तयारच असतात, ती तिथूनच ठेका उचलतात, आणि आमचे चौदाही जण नाचतच स्टेज उतरतात. म्हणून जिन्याच्या दोन्ही बाजूंना दोन दणकट माणसं उभी करा, हात धरायला. गेल्या वर्षी शेवटची पायरी हलत होती. ती आदल्या दिवशी बघून ठेवा.